पोटात दुखतंय म्हणणारं लेकरू

"बाई, रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणतो. दवाखाना झाला, सोनोग्राफी झाली, जंताची गोळी झाली. रविवारी मात्र काय दुखत नाय. त्याचा बाप म्हणतो, नाटकं आहेत सगळी, लाव त्याला कामाला."

गेल्या वर्षी वर्षावासातली गोष्ट. विहारात ग्रंथवाचन संपले होते. चपला शोधता शोधता आमच्या वस्तीतल्या एका माउलीने मला पायरीवरच गाठले. ती एका कार्यालयात साफसफाईचे काम करते, पहाटे साडेपाचला घर सोडते. नवरा कंत्राटी कामगार. कंत्राट संपले, तेव्हापासून आठ महिने घरीच. थोरला मुलगा नववीत. जूनमध्ये नव्या शाळेत घातला आणि पंधरा दिवसांत त्याने शाळेचे दप्तर कोपऱ्यात टाकले. "लिहा बाई, पण पोराचं नाव नको," असे तिने सांगितले, म्हणूनच आज हे लिहिते आहे.

मी शिक्षिका आहे. तीस वर्षे मुले शिकवली. पटावरून नाव कमी झालेल्या मुलांच्या पुढे आम्ही 'कारण' म्हणून एक शब्द लिहीत आलो. स्थलांतर, गरिबी, घरकाम, नापास. त्या रकान्यात 'मन' हा शब्द मी कधी लिहिला नाही. कोणीच लिहीत नाही. पण आज मागे वळून पाहताना वाटते की, पटावरून नाव जाण्याच्या किती तरी आधी मुलाचे मन शाळेतून उठलेले असते. ते कोणी पाहत नाही, एवढेच.

दादाची गोष्ट

हे मला माझ्या घरातच दिसायला हवे होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमचे वडील त्यातलेच. माझा मोठा भाऊ त्या जूनमध्ये आठवीत गेला आणि दिवाळीनंतर शाळेत गेलाच नाही. एका कॅन्टीनमध्ये कपबशा विसळायला लागला. सगळे म्हणाले, संपाने पोराचे शिक्षण गेले. मीही तेच समजत होते.

पुढे दादाचे लग्न झाले, मुले झाली. मुलांच्या शिक्षणात त्याने कसलीच कसर ठेवली नाही. पण पालकसभेला तो कधी आत आला नाही. शाळेच्या गेटाबाहेर उभा राहायचा, वहिनीला आत पाठवायचा. एकदा मी रागावून विचारले, "अरे, तुला लाज वाटते का आमच्या शाळेची?" तेव्हा, इतक्या वर्षांनी, दादा बोलला.

त्याच्या वर्गावरचे मास्तर दर महिन्याला म्हणायचे, "फ्रीशिपवाले उभे राहा." उभी राहणारी मुले कोण, ते सगळ्या वर्गाला ठाऊक होते. संप लागल्यावर त्यात "संपवाल्यांची पोरं" हीही भर पडली. दादाला आदल्या रात्रीपासून घाम फुटायचा. छातीत धडधडायचे. रात्री चाळीच्या गॅलरीत वडील येरझाऱ्या घालायचे, त्यांच्या पावलांचा आवाज मोजत तो जागा राहायचा. सकाळी त्याला ओकारी व्हायची. आई म्हणायची पित्त झाले. शेवटी त्यानेच ठरवले, आपण कमावू लागलो तर घरातली एक काळजी तरी कमी होईल.

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

दादा म्हणाला, "कोणी विचारलंच नाही."

फ्रीशिप होती म्हणजे फी हे कारण नव्हतेच. पोटाला चिमटा होता, हे खरे. पण त्याच चाळीत, तसल्याच संपात होरपळलेल्या घरांतली काही मुले शिकलीच ना! दादाची शाळा गरिबीने अर्धी नेली आणि उरलेली अर्धी त्या रात्रींच्या भीतीने आणि वर्गातल्या अपमानाने नेली. घरात एकाने जरी जवळ बसवून विचारले असते, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते.

महामानवाच्या बालपणी

आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे. त्यांच्या पदव्या आपण मुलांना पाठ करून घेतो. पण त्यांच्याही मनात एकदा शाळा सोडण्याचा विचार आला होता, हे किती जणांनी मुलांना सांगितले आहे?

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावायची बंदी. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. त्यातच आई भीमाबाई गेल्या. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले, ते त्या बालमनाला रुचले नाही. कोणावर अवलंबून राहायचे नाही, मुंबईच्या गिरणीत जाऊन काम करायचे, असे त्या पोराने ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याचा बटवा लांबवायचा बेत केला. रात्रीमागून रात्री प्रयत्न केला. शेवटी बटवा हाती लागला, तर त्यात जेमतेम अर्धा आणा! तेव्हा स्वतःचीच लाज वाटून त्यांनी बेत सोडला आणि अभ्यासाला लागायचा निश्चय केला. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलेली आहे.

विचार करा, त्या बटव्यात गाडीभाड्याइतके पैसे असते तर?

महात्मा फुल्यांचेही तसेच. लहानपणी त्यांची शाळा सुटली होती, वडिलांनी त्यांना शेतावर घातले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, मिशनच्या शाळेत. दोन शेजाऱ्यांच्या शब्दाने एक शाळा सुटलेला मुलगा परत शाळेत आला आणि त्याने पुढे सगळ्या बहुजनांसाठी शाळेचे दार उघडले. शेजाऱ्याच्या शब्दाला एवढी किंमत असते. आज आपण कोणाच्या पोरासाठी असा शब्द टाकतो का?

हे नाटक नव्हे

आता त्या माउलीच्या मुलाकडे वळू. शाळेला दांडी मारणारे पोर आणि शाळेचे नाव काढताच आजारी पडणारे पोर, ही दोन वेगळी पोरे आहेत. दांडी मारणारा घरच्यांपासून लपवतो. दप्तर घेऊन निघतो आणि मैदानावर, नाक्यावर किंवा मोबाईलच्या दुकानात वेळ काढतो. दुसरा घरातच राहतो. त्याच्या पोटात दुखते, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. शाळेची वेळ टळली की दुखणे उतरते. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. आपल्याला वाटते, हे नाटक. पण दुखणे खरेच असते. मन घाबरले की त्याचा परिणाम पोटावर, श्वासावर, झोपेवर होतो. परीक्षेच्या दिवशी किंवा साहेबाने बोलावल्यावर मोठ्यांच्याही पोटात कालवतेच की!

या दुखण्याची एक खोड आहे. मूल एक दिवस घरी राहिले की त्याला हायसे वाटते. पण त्या सुटकेमुळेच दुसऱ्या दिवशीची शाळा आणखी अवघड होते. अभ्यास मागे पडतो, मित्र तुटतात, "इतके दिवस कुठे होतास?" या प्रश्नाची भीती वाढते. आठवड्याचा महिना होतो आणि महिन्याचे वर्ष. म्हणून मारून-मुटकून शाळेत ढकलणे चूक, तसेच "जाऊ दे, नको जाऊस" म्हणून महिनोन् महिने घरी ठेवणेही चूक. कारण शोधायचे आणि हळूहळू परत न्यायचे, हाच मार्ग.

त्या मुलाचे कारण काय निघाले? आठवीपर्यंत तो पालिकेच्या मराठी शाळेत होता. नवव्या इयत्तेत नवी शाळा, नवे वर्ग. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याला इंग्रजीचा धडा उभे राहून वाचायला लावला. तो अडखळला, वर्ग हसला. आडनाव विचारले गेले, मग वस्तीचे नाव विचारले गेले आणि एक टोपणनाव चिकटले. घरी रात्री आई-बापाची भांडणे पैशांवरून. तो अंथरुणात जागा राहून ऐकायचा आणि हिशेब करायचा की आपण डिलिव्हरीच्या कामाला लागलो तर किती मिळतील. चाळीस वर्षांपूर्वी दादाने केलेला हिशेब तो हाच!

आपलीच मुले जास्त का गळतात?

२०२१-२२ ची सरकारी आकडेवारी पाहा. देशात प्राथमिक शाळेत गळतीचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास होते, पण माध्यमिक शाळेत ते शेकडा साडेबाराच्या पुढे गेले होते. म्हणजे पहिलीत मूल घालायला आपण शिकलो. ते टिकवायचे कसे, हा प्रश्न नववी-दहावीत उभा राहतो. आणि नेमके हेच वय मनाच्या उलथापालथीचे असते. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तेरा ते सतरा वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे सात मुलांना उपचाराची गरज असलेला मानसिक त्रास दिसला. चाळीस-पन्नासच्या वर्गात अशी तीन-चार मुले बसलेली असतात.

श्रीमंताच्या घरी मुलाचे बिनसले तर स्वतंत्र खोली असते, शिकवणी असते, डॉक्टर असतो. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. बापाच्या नोकरीचा भरवसा नाही, आईची पाळी पहाटेची. त्यात बाहेर आडनावावरून जोखणारी नजर. हा भार मुलाच्या मनावर पडतो आणि तो उतरवायला मुलाला जागा नसते. म्हणून आपल्या मुलांचे मन कमकुवत असते असे नाही, त्यांच्यावर ओझे जास्त असते.

मुलींचे तर आणखी निराळे. मुलगा चिडतो, भांडतो, गुटखा खायला लागतो, म्हणून निदान दिसतो. मुलगी गप्प होते. गप्प मुलीला आपण 'गुणी' म्हणतो. आईच्या कामाच्या वेळा, धाकट्या भावंडांचा सांभाळ, शाळेत धड संडास नाही, पाळीच्या दिवसांत घरी राहणे, वाटेवर छेडणारी टोळकी, हे सगळे ती मनात साठवते. एक दिवस म्हणते, "मला नाही शिकायचं." आणि आपण लगेच स्थळ बघायला लागतो. माता-भगिनींनो, मुलीने शिक्षण नको म्हटले तर तो तिचा निर्णय समजू नका. आधी विचारा, वाटेत काय घडले?

तिसरी गोष्ट 'ढ' म्हणून हिणवलेल्या मुलांची. काही मुले बोलायला चुणचुणीत, हिशेबाला पक्की, पण वाचताना अक्षरे उलटसुलट होतात, लिहिताना सतत चुका होतात. ती आळशी नसतात. त्यांना अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. महाराष्ट्रात तर १९९० च्या दशकापासूनच अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो. मुंबईत सायन, नायर, केईएम ही रुग्णालये हे तपासणीचे काम करतात. पण ही सोय माहीत असते ती बहुधा इंग्रजी शाळांतल्या पालकांना. आपल्या मुलांच्या वाट्याला येते ती छडी.

वेड्याचा डॉक्टर?

त्या माउलीला मी म्हटले, "चला, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जाऊ. तिथे मानसोपचार विभाग आहे." ती एकदम मागे सरली. "बाई, वेड्याचा केसपेपर काढायचा? उद्या लोक काय म्हणतील? पोरीची लग्नं व्हायचीत अजून."

बंधूंनो, आपण देव-देवस्की सोडली. भगत सोडला, अंगारे-धुपारे सोडले. १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मग ही भीती का सोडली नाही? तापाला गोळी चालते, मोडल्या हाडाला प्लास्टर चालते, मग मन दुखले तर डॉक्टर का नको? तथागतांनी दुःख लपवायला सांगितले नाही. दुःख आहे हे आधी मान्य करा, त्याचे कारण शोधा, ते दूर होऊ शकते हे जाणा आणि त्या मार्गाने चाला, अशी ती शिकवण आहे. वैद्यही हेच करतो. मुलाच्या पोटदुखीला हीच रीत लावायची.

ती तयार झाली. केसपेपर निघाला. डॉक्टरीणबाईंनी आधी आईला बाहेर बसवून मुलाशी बोलणे केले, मग दोघांशी. गोळ्या दिल्या नाहीत. समुपदेशक ताईंनी सात-आठ वेळा बोलावले. पहिल्या आठवड्यात फक्त शाळेच्या गेटापर्यंत जाऊन परत यायचे. मग पहिल्या दोन तासिका. मग मधल्या सुट्टीपर्यंत. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना मी भेटले. काही दिवस त्याला एकट्याला उभे करून वाचायला लावू नये, एवढीच विनंती केली. ती त्यांनी ऐकली, हे नमूद केले पाहिजे. बापाला मी काय सांगणार? त्याला माझ्या दादानेच चहाच्या टपरीवर बसवले आणि आपली गोष्ट सांगितली. बाप काही बोलला नाही, म्हणे. पण दुसऱ्या दिवशी तोच पोराला गेटापर्यंत सोडायला गेला.

चमत्कार काही झाला नाही. मध्ये गणपतीच्या सुट्टीनंतर चार दिवस पुन्हा पोटात दुखले. गणितात मार्क बेताचेच पडले. पण नववी सुटली नाही. यंदा तो दहावीला आहे.

आपल्या हाती काय आहे?

सगळ्यात आधी विचारणे. "शाळेत का नाही गेलास?" असा पोलिसी सवाल नको. स्वयंपाक करताना किंवा पाणी भरताना, अगदी रस्त्याने चालतानाही, "शाळेत सगळ्यात वाईट वेळ कुठली वाटते रे?" असे विचारा. मग गप्प राहा आणि ऐका. मध्येच "आमच्या वेळी" सुरू करू नका.

झोप उडणे, जेवण कमी होणे, सारखी चिडचिड, मित्र सोडणे, आवडीचा खेळ सोडणे, हे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर डॉक्टरांकडे न्या. "मेलेलं बरं" असे मूल बोलले, तर ते धमकी म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळे होते. अशा मुलाला एकटे सोडू नका, घरातली औषधे, उंदराचे विष, फिनाईल त्याच्या हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

१४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी 'टेली मानस' सेवा आहे. फुकट, चोवीस तास आणि मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तिथेही बाह्यरुग्ण विभागात तपासून घेता येते. तपासायला गेले म्हणजे भरती करतात, हा गैरसमज आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्कच झाला आहे.

शाळेशी बोलताना हात जोडून उभे राहू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हीला मनाई आहे. त्याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. त्या खुर्च्या रिकाम्या का सोडता? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक समुपदेशक नेमायला सांगितले आहे. "आमच्या शाळेत समुपदेशक कधी बसतात?" हा प्रश्न पुढच्या पालकसभेत विचारा.

शाळा सुटलीच असेल तर वाट संपलेली नाही. रात्रशाळा आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. मुक्त विद्यालय आहे. नापास झाल्यावर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र जिवापाड जपून ठेवा.

आणि बाप दारू पीत असेल, तर मुलाच्या पोटदुखीचे औषध बापाच्या व्यसनमुक्तीत आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पुण्याच्या 'मुक्तांगण'सारखी केंद्रे १९८६ पासून हे काम करीत आहेत.

विहारात एक वही

शेवटी विहाराबद्दल. जयंतीला आपण दारोदार वर्गणी फिरवतो. कोणत्या घरात किती माणसे, कोण देतो, कोण टाळतो, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. त्याच घरात कोणते मूल आठवडाभर शाळेत गेले नाही, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. आमच्या विहारात आम्ही यंदापासून एक वही ठेवली आहे. रविवारी वंदना झाली की विचारायचे, या आठवड्यात कोणाचे पोर तीन दिवसांहून जास्त घरी राहिले? नाव मोठ्याने वाचायचे नाही. फ्रीशिपवाल्यांना उभे करणारे मास्तर आपल्याला व्हायचे नाही. वहीत लिहायचे आणि त्या घरी एकाने जायचे. वस्तीतली एक परिचारिका, एक कॉलेजातली पोरगी आणि मी, अशा तिघी आहोत. विहाराची मागची खोली रात्री आठ ते दहा अभ्यासाला उघडी असते. खर्च म्हणाल तर एक वही आणि दोन ट्यूबलाईट.

चौथे नाव परवाच वहीत लिहिले. त्या घरी कोण जाणार, असे विचारले तेव्हा मागून आवाज आला, "मी जातो." पाहिले तर दादा.

तो गेला. त्या मुलीच्या शाळेत तिच्या बापाबरोबर मुख्याध्यापिकेला भेटायलाही गेला. गेटाच्या आत, पायऱ्या चढून, ऑफिसपर्यंत. चाळीस वर्षांहून जास्त काळ लागला त्याला तेवढ्या पायऱ्या चढायला. आपल्या लेकरांना एवढा उशीर होऊ देऊ नका. आज रात्री जेवताना फक्त एकदा विचारा आणि ऐका.

जयभीम!